धोंडप्पाचे पॉझिटिव्ह मासे

मु. बरडवाडी, पोस्ट ताडकळस, जि. परभणी
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय चंद्रभान यास,
धोंडप्पाचा शरणार्थ.

तुझं पत्र उन्हाळ्यात आलं आणि उत्तर आज देतोय, तेही काम पडलं म्हणून, असं तू मनात म्हणशील. म्हण. ताडकळसच्या शाळेत एका फळीवर बसून ज्याने माझ्या वाट्याच्या छड्या खाल्ल्या, त्याला तेवढा हक्क आहे.

काम असं. काल आमच्या तळ्यावर मत्स्य कचेरीचे दत्तराव साहेब आले. जीप, बर्फाचा डबा, दोन शिपाई. जाळेवाल्या सितारामकडून सहा मासे काढवले आणि प्रत्येकाच्या शेपटीत सुई घालून रक्त घेतलं. तुझी वहिनी चन्नबसम्मा म्हणाली, "माणसाचं रक्त तपासायला परभणीला दिवस मोडावा लागतो. माशांचं नशीब बघा, डागदर दारात." रक्त पुण्याला जाणार असं साहेब म्हणाले. पुण्याला माशांचं रक्त तपासणारी जागा एकच असणार आणि तिथं तू आहेस, म्हणून हे पत्र.

तळ्याची हकीगत तुला ठाऊक नाही. कालवा आला आणि खालचं दोन एकर रान चिबड झालं. ज्वारी पिवळी पडायची, बैल पोटापर्यंत रुतायचा. कचेरीने सांगितलं, तळं खणा, मासे सोडा. आमच्या घरात सात पिढ्या मासळी शिजली नाही, पण जमीन चिबडताना मालकाचा धर्म विचारत नाही. मी अट घातली. वाढवीन मी, धरायचं आणि विकायचं सितारामने. जाळं पडायच्या दिवशी मी बांधावर तळ्याकडे पाठ करून बसतो. लोक हसतात. पाठीमागे काय होतं ते सितारामला ठाऊक आणि महादेवाला.

रोज लिंगपूजा आटोपली की पेंड घेऊन तळ्यावर जातो. आमचा सोन्या बैल मेला, त्याच्या गळ्यातली घंटी ठेवली आहे. ती वाजवली की सगळे मासे काठाला तोंड काढतात. चन्नबसम्मा म्हणते, पोरांना हाक मारली तर येत नाहीत, हे येतात.

गेल्या हिवाळ्यात या भागातल्या सगळ्या तळ्यांत रोग आला. अंगावर लाल चट्टे, मग जखमा, मग पांढरी पोटं वर. माझे निम्म्याहून जास्त गेले. राहिले ते आपोआप बरे झाले. अंगावर वण आहेत, पण घंटी वाजली की पाणी उकळल्यासारखं करतात. येत्या आषाढात त्यांच्यापासून बीज काढायचं मनात आहे. दुखण्यातून उठलेलं वाण खात्रीचं, असं माझं शेतकऱ्याचं डोकं सांगतं. शेजारी माजी सभापती भगवानरावांचं तळं तर पार साफ झालं होतं. त्यांनी यंदा आंध्रातून नवे मासे आणून सोडलेत. त्यांच्याही सहा माशांचं रक्त नेलंय.

त्या रक्तात तुम्ही काय बघणार, ते मला समजेल असं लिही.

तुझा
धोंडप्पा

•

पुणे
२६ ऑक्टोबर १९९१

प्रिय धोंडप्पा,
रामराम.

तुझ्या माशांचं रक्त माझ्याच हातात पडलं. नळीवरच्या चिठ्ठीत 'बरडवाडी' वाचलं आणि उगाच वाटलं, आत थोडा कालव्याचा वास असेल.

आम्ही काय करतो ते सांगतो. रक्त साकळू देतो, वरचं पिवळसर पाणी घेतो. रोगाच्या विषाणूशी अंग झुंजलं असेल तर त्या पाण्यात झुंजीची खूण राहते. तिला प्रतिपिंड म्हणतात. आपल्या वर्गातल्या मुंजाजीच्या तोंडावर देवीचे वण होते, आठवतं? त्याला देवी झालेल्या नव्हत्या, होऊन गेल्या होत्या. पुढे गावात साथ आली तेव्हा रोग्यांना पाणी पाजायला मुंजाजीलाच पाठवायचे. प्रतिपिंड म्हणजे रक्तातला वण. खूण दिसली की आम्ही 'पॉझिटिव्ह' लिहितो.

तर ऐक. तुझे सहाच्या सहा पॉझिटिव्ह. भगवानरावांचे सहाच्या सहा निगेटिव्ह, म्हणजे त्यांनी रोग अजून पाहिलेलाच नाही, आणि पाहिला की टिकतील की नाही सांगता येत नाही. तुझं शेतकऱ्याचं डोकं बरोबर निघालं. असेच मासे बीजाला हवेत. चन्नबसम्मा वहिनींना पेढे वाटायला सांग.

अहवाल आमच्या मोठ्या बाईंनी इंग्रजीत लिहून कचेरीला धाडला आहे. दत्तराव साहेब शिकलेले आहेत, त्यांना उलगडा होईलच.

तुझा
चंद्रभान

•

बरडवाडी
७ नोव्हेंबर १९९१

प्रिय चंद्रभान यास,

पेढे वाटले नाहीत, बरं झालं. तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारी कचेरीची नोटीस. माझं तळं 'रोगग्रस्त' ठरलं आहे. ब्लिचिंग पावडर टाकून सगळे मासे मारायचे, चुन्यात पुरायचे आणि तळं कोरडं करायचं.

तुझं पत्र घेऊन परभणी गाठली. बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

"साहेब, हे देवीच्या वणासारखं हाय म्हणं. दुखणं होऊन गेलंय."

"कोण म्हणतं?"

"माझा दोस्त. त्या प्रयोगशाळेतच हाय."

"डॉक्टर आहे?"

"सहायक हाय."

"मग त्याला नळ्या धुऊ द्या. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. औरंगाबादच्या शिबिरात आम्हाला तीन दिवस हेच शिकवलं. रक्तात पॉझिटिव्ह निघाला की धोका."

"ते शिबिर माशांचं व्हतं का साहेब?"

"माणसांच्या रोगाचं होतं, एड्सचं. रक्त ते रक्त."

शिबिर कोणत्या रोगाचं होतं हे शिपायाने ऐकलं असावं, कारण मी एसटीने गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. धोंडप्पाच्या माशांना मुंबईचं ते दुखणं लागलं. आता तळ्याच्या बाजूने बायका पदर तोंडाला लावून जातात. चन्नबसम्मा एकीला म्हणाली, "ते पान्यात हायत गं, तुला बघून वर येऊन चिकटायचे न्हाईत." पण हे बाहेर. घरात आल्यावर तिने नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

भगवानरावांच्या तळ्यावर 'आदर्श रोगमुक्त तळे' असा फलक लागायचा आहे. पारावर मला जवळ बसवून म्हणाले, "धोंडप्पा, वाईट वाटून घेऊ नको. माशाला मालकाचा हात कळतो. तू न खाणारा. त्यांना वाटत असंल, आपण जगून काय करायचं."

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन तेरा वर्षं झाली, मोर्चे निघायलेत, सरकार अजून विचार करायलंय. माझ्या माशांचं नाव एका दुपारी बदललं.

एक वाट आहे. अर्ज केला तर फेरतपासणी होते. दोन्ही तळ्यांची सोबत होणार, कारण भगवानरावांना फलकाआधी पुन्हा दाखला हवा आहे. अर्ज दिला आहे. तुला यात काही करता येण्यासारखं असेल, तर करू नकोस. तुझी दोन वर्षांची नोकरी राहिली आहे. मी आपलं बघतो.

तुझा
धोंडप्पा

•

बरडवाडी
१९ नोव्हेंबर १९९१

प्रिय चंद्रभान यास,

काल फेरतपासणीचं रक्त नेलं. चुडावा स्टेशनातून गाडीने तुझ्याकडे येईल. या वेळी माझ्या नावाचा निकाल चांगला येणार. कसा ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या पोस्टमनला वाचायची गोडी आहे. (बन्सीधर, हे वाचत असशील तर पाकीट नीट चिकटव.) सितारामला एक काम सांगितलं होतं, ते त्याने चोख केलं एवढंच. मी नेहमीसारखा पाठ करून बसलो होतो.

तू निश्चिंत राहा.

तुझा
धोंडप्पा

•

पुणे
२० नोव्हेंबर १९९१

प्रिय धोंडप्पा,

दोन्ही तळ्यांचे नमुने आज पोचले. हे पत्र तुला मिळेल तोवर तपासणी उरकलेली असेल. या वेळी निकाल तुझ्या बाजूने लागेल. कसा, ते विचारू नकोस. मी तीस वर्षं इथं इमानाने नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. त्या तीस वर्षांत एक दिवस माझ्या मालकीचा असायला हरकत नाही.

शाळेतल्या छड्यांचं तू लिहिलं होतंस. ही एक आणखी.

वहिनींना सांग, काळजी नको. तू घंटी वाजवत राहा.

तुझा
चंद्रभान

•

बरडवाडी
१२ डिसेंबर १९९१

चंद्रभान,

निकाल आला. माझ्या तळ्याचे सहाही पॉझिटिव्ह. भगवानरावांचे सहाही निगेटिव्ह.

आता बन्सीधरने वाचलं तरी चालेल. तुमची तपासणी खोटी आहे. खोटी आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण माझ्या नावाने जे रक्त गेलं ते माझ्या माशांचं नव्हतंच. सितारामकडून भगवानरावांच्या तळ्यातले सहा मासे आणवले, माझ्या तळ्यात वेगळ्या जाळीत ठेवले आणि दत्तरावांना तेच दिले. ज्यांनी रोग पाहिलाही नाही म्हणून तू लिहिलं होतंस, तेच ते मासे. माझ्या तळ्यात एक रात्र राहिले आणि त्यांच्या रक्तात वण उठले? की धोंडप्पा हे नाव चिठ्ठीवर दिसलं की तुमचं यंत्र आपोआप पॉझिटिव्ह म्हणतं?

सोमवारी पावडर टाकली. मी पाठ करून बसलो. जाळं पडायच्या दिवशी पाठीमागे आवाज असतो. सिताराम ओरडतो, पोरं हसतात, मासे आपटतात. या वेळी तसलं काही नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज, मग तोही नाही. एका शिपायाला बांधावर घंटी सापडली, तो पोरासारखा वाजवायला लागला. चन्नबसम्मा चुलीपुढून उठून आली आणि त्याच्या हातातून ती हिसकून घेतली. सात वर्षं ती मला म्हणायची, तळ्याचे हात देवघराला लावू नका. त्या दिवशी ती घंटी तिने देवघरात ठेवली आणि दोन दिवस जेवली नाही.

आषाढात बीज काढायचं होतं. राहिलं.

धोंडप्पा

•

पुणे
२३ डिसेंबर १९९१

प्रिय धोंडप्पा,

हे पत्र चार वेळा फाडलं.

तपासणी खोटी नव्हती. नळ्या माझ्याकडे आल्या तेव्हा मला खात्री होती की तुझ्या पॉझिटिव्ह असणार आणि भगवानरावांच्या निगेटिव्ह. म्हणून मी तपासणीआधी चिठ्ठ्या बदलल्या. तुझ्या नळ्यांवर त्यांचं नाव, त्यांच्या नळ्यांवर तुझं.

तू मासे बदललेस. मी चिठ्ठ्या बदलल्या. आपल्यापैकी एकाने जरी इमान राखलं असतं, किंवा एकाने जरी दुसऱ्याला सांगितलं असतं, तरी मासे वाचले असते. दोघांनी एकाच वेळी दोस्ती निभावली.

एक मात्र मला उमगत नाही. तुझ्या नावाने पॉझिटिव्ह निघाल्या त्या नळ्या भगवानरावांच्या तळ्यावरून आलेल्या होत्या. त्यांचे मासे तर कोरे होते. त्यांच्या तळ्यातून वणाचं रक्त आलं कुठून?

तू मला काही लिहू नयेस हे मी समजू शकतो.

चंद्रभान

•

(पोस्टकार्ड)
बरडवाडी
९ जानेवारी १९९२

पत्र मिळालं. वाचलं. सध्या लिहिण्यासारखं काही नाही. तूर बरी आहे. तळं कोरडं आहे. चन्नबसम्मा जेवते.

धोंडप्पा

•

बरडवाडी
१९ फेब्रुवारी १९९२

प्रिय चंद्रभान यास,
धोंडप्पाचा शरणार्थ.

राग उतरला की नाही मला ठाऊक नाही, पण लिहिण्यासारखं झालं आहे, आणि तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही.

जानेवारीच्या थंडीत भगवानरावांच्या तळ्यात रोग आला. फलक लागून पंधरा दिवस झाले होते, रंगाचा वास गेला नव्हता. तू म्हणालास तसंच झालं. ज्यांनी रोग पाहिला नव्हता, त्यांनी तो पाहिला आणि गेले. भगवानरावांनी सांगितलं, धोंडप्पाच्या तळ्यावरून वारं आलं. माझं तळं कोरडं ठणठणीत, पण वारं आलं. दत्तराव साहेब येऊन बघून गेले. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं, की रोगी मासे आता तळ्यात उरलेले नाहीत, सबब तळे पूर्वीपेक्षाही अधिक रोगमुक्त आहे. फलक तसाच राहिला.

मी नवा गोऱ्हा गाडीला जुंपायला लागलो. त्याच्या गळ्यात बांधायला चन्नबसम्माने आपण होऊन घंटी काढून दिली. परवा ताडकळसच्या बाजाराला निघालो. वाट भगवानरावांच्या तळ्याच्या काठाने जाते. गोऱ्ह्याने मान झटकली, घंटी वाजली, आणि पाण्यात खळबळ झाली. गाडी थांबवली. पुन्हा वाजवली. सहा तोंडं काठाला आली.

चंद्रभान, मी खाली उतरून बघितलं. पाठीवर वण होते.

बाजार राहिला. सितारामला त्याच्या दारात गाठलं.

"सितारामा, भगवानरावांच्या तळ्यात माझे मासे कसे?"

"तुमीच तर सांगितलं मालक, त्येंच्याकडनं सहा आना."

"आन म्हटलं व्हतं. दे कुठं म्हटलं व्हतं?"

"फुकट कोन देतंय? भगवानराव म्हणले, सहाला सहा दे, अन् मोठे दे. कुठले ते त्येंनी इचारलं न्हाई. मंग तुमच्या तळ्यातले सहा मोठे टाकले त्येंच्याकडं. तुमी तितंच तर बसला व्हता."

"पाठ करून बसलो व्हतो ना!"

"मंग मी काय तुमच्या पाठीला इचारू?"

तर तुझं कोडं सुटलं. रक्त काढायला साहेबांना मोठे मासे सोयीचे पडतात. भगवानरावांनी आपली म्हणून माझीच सहा धेंडं पुढे केली, आणि त्यांच्या नळ्यांत माझं रक्त आलं. तू ते माझ्या नावावर केलंस. म्हणजे खरं बघितलं तर तू जे लिहिलंस तेच खरं होतं. आपण सगळे खोटे वागलो आणि अहवाल खरा निघाला.

आता अडचण ऐक. त्या सहांत चार माद्या, दोन नर आहेत असं सिताराम म्हणतो. बीजाला पुरे. पण ते माझे आहेत हे सांगायचं, तर फेरतपासणीला मी काय केलं तेही सांगावं लागेल. आणि भगवानराव तर पेपरवाल्याला बोलावून सांगायलेत, की आदर्श तळ्याच्या पाण्याने हे सहा वाचले. मी रोज गाडी घेऊन त्या वाटेने जातो. काम नसलं तरी जातो. लोक म्हणतात, धोंडप्पाला बाजाराचं वेड लागलं.

तुझा
धोंडप्पा

•

पुणे
६ मार्च १९९२

प्रिय धोंडप्पा,

तुझं पत्र वाचून मी कामावर मोठ्याने हसलो, मग डोळे पुसले. दोन्हीचं कारण कुणाला सांगता येईना.

मी बाईंकडे गेलो. म्हणालो, फेरतपासणीचे बरडवाडीचे नमुने चुकून बदलले गेले असावेत. 'चुकून' हा शब्द माझा. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चंद्रभान, तुमच्या हातून तीस वर्षांत एक चूक झाली, ती नेमकी तुमच्याच गावाच्या नळीवर?" मी खाली बघितलं. मग मी पॉझिटिव्ह माशांचं तळं मारल्याची हकीगत सांगितली, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. त्यांना वाटत होतं, अहवाल गेला म्हणजे समजला.

त्यांनी सगळ्या जिल्ह्यांसाठी मराठीत परिपत्रक काढायला लावलं आहे. वणाचा दाखला मी सुचवला, तो त्यांनी ठेवला. प्रतिपिंडे असलेले, अंगाने धडधाकट मासे मारू नयेत, बीजासाठी राखावेत. परिपत्रक इथून मंत्रालयात, तिथून विभागाला, तिथून जिल्ह्याला. केव्हा पोचेल ते विषाणूलाच विचार, तो त्यापेक्षा लवकर फिरतो.

तोवर ते सहा जगवायचे कसे, हे मला सुचत नाही.

तुझा
चंद्रभान

•

बरडवाडी
१० मे १९९२

प्रिय चंद्रभान यास,
धोंडप्पाचा शरणार्थ.

आदर्श तळ्याची दर सहामाही तपासणी असते. एप्रिलमध्ये दत्तराव साहेबांनी त्या सहा माशांचं रक्त नेलं. तुझ्याच हातून गेलं असेल. निकाल जसा होता तसा आला, सहाही पॉझिटिव्ह. याबद्दल तुझे उपकार.

साहेब नोटीस घेऊन भगवानरावांच्या तळ्यावर आले, तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. मीही गाडी घेऊन उभा होतो. भगवानरावांनी नोटीस वाचली, वर फलकाकडे बघितलं, फलकावर स्वतःचं नाव बघितलं, आणि म्हणाले, "हे मासे माझे न्हाईत."

"मग कोणाचे?"

"ह्या धोंडप्पाचे. त्येच्या गड्यानं आणून टाकले. माझे मासे निर्मळ व्हते, ते समदे मेले. हे रोगट हायत म्हणूनच जगले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कबूल करायची वेळ अशी येईल हे मला वाटलं नव्हतं, पण आली. मी म्हणालो, "होय साहेब, माझे हायत. नोव्हेंबरात अदलाबदल झाली. करवली मीच."

"पण कागदोपत्री तुमचे सगळे मासे डिसेंबरात मेले. पंचनाम्यावर माझी सही आहे. मेलेल्या माशांचा ताबा मी तुम्हाला कसा देऊ?"

मी गोऱ्ह्याच्या गळ्यातली घंटी सोडली आणि वाजवली. सहा तोंडं काठाला आली. मग भगवानरावांना म्हणालो, आता तुम्ही वाजवा. ते मागे सरकले, म्हणाले, "मला न्हाई हात लावायचा, काय लागलं बिगलं तर."

साहेबांनी बराच विचार केला. मासे भगवानरावांचे म्हणावेत, तर फलक उतरवायला हवा, आणि फलक लावायला साहेबच होते. माझे म्हणावेत, तर पंचनामा खोटा. शेवटी त्यांनी मासे 'बेवारस' लिहिले आणि विल्हेवाट लावायला पंधरा दिवसांची मुदत देऊन माझ्या हवाली केले.

कालव्याची पाळी नुकतीच सुटली होती, माझं तळं कमरेएवढं भरलं होतं. पाण्याचा ड्रम गाडीवर चढवला. सितारामने जाळं टाकलं. त्याने सवयीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बसा मालक, पाठ करा." मी म्हणालो, "न्हाई. आज मोजून घेतो." सहाच्या सहा माझ्या डोळ्यांदेखत ड्रमात पडले. घरी चन्नबसम्मा पेंड भिजवून बसली होती.

बारा दिवस आम्ही दोघं आळीपाळीने रस्त्याकडे बघत होतो. तेराव्या दिवशी जीप आली. चन्नबसम्मा बांधावर आडवी उभी राहिली. साहेब उतरले, हातात तुमचं परिपत्रक होतं. म्हणाले, "धोंडप्पा, अभिनंदन. तुमचे मासे पॉझिटिव्ह आहेत. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

चन्नबसम्मा म्हणाली, "व्हय साहेब, आमालाच ऐकू कमी येतंय."

आता माझं तळं जिल्ह्याचं बीजतळं होणार आहे. आषाढात इंजेक्शन द्यायला माणूस येईल. भगवानरावांनी संध्याकाळी गडी पाठवला, की आपली अदलाबदल झाली होती, ती आता उलटी करू, तुझे सहा मला दे आणि माझे सहा तू ने. मी निरोप दिला, तुमचे सहा माझ्या तळ्यात डिसेंबरात पावडरीने मेले, हाडं चुन्याच्या खड्ड्यात आहेत, कधीही उकरून न्या. फलक मात्र कचेरीने त्यांच्याकडून उचलून माझ्या बांधावर आणून ठेवला आहे. 'रोगमुक्त' पुसून तिथं 'रोगपरीक्षित' लिहायला रंगारी उद्या येतोय.

तेवढी एक औपचारिकता राहिली. बीजतळं म्हणून मान्यता द्यायची तर कचेरीला पुन्हा एकदा रक्त हवंय, मासे अजून पॉझिटिव्ह आहेत याची खातरी म्हणून. आज सकाळी काढलं. मी समोर उभा राहून बघितलं. सुई लहान असते, आणि मासा फार धडपडत नाही. इतकी वर्षं मी उगाच भीत होतो.

नळ्या उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येतील. सहा आहेत, सहाही माझ्याच माशांच्या आहेत, मी काही केलेलं नाही. चंद्रभान, तुला जुन्या छड्यांची शपथ आहे. या वेळी मला मदत करू नकोस.

तुझा
धोंडप्पा